पालटूची स्प्रिंग

धायरी फाट्याच्या मागे जिथे पूर्वी ज्वारी व्हायची तिथे आता गाळ्याला गाळा चिकटलाय. त्यातल्याच एका गाळ्यात सिराज शिकलगारांचं वर्कशॉप आहे. पाटी नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं तर तो तोंड न उघडता हनुवटीनं दाखवतो. आत एक जुनं लेथ, एक मिलिंग मशीन, भिंतीला पत्र्याची कपाटं, आणि चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधत असलेले सिराजभाई. वय सदुसष्ट. प्लॅस्टिकच्या वस्तू ज्यात ओततात ते पोलादी साचे बनवायचे, हा त्यांचा धंदा. साच्याला कारखान्यात डाय म्हणतात. बादलीचा कान, मिक्सरचं बटण, डब्याचं झाकण, असलं काहीबाही तुमच्याही घरात त्यांच्या हातचं असणार. तुम्हाला त्याचा पत्ता नाही आणि त्यांना त्याचं कौतुक नाही.

कौतुक म्हणा, दुखणं म्हणा, त्यांना होतं ते एकाच गोष्टीचं. पालटूचं.

पालटू आठवतोय का? नाही ना? कुणालाच आठवत नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. कुणाचा तरी काका परदेशातून गाडीचा रोबो होणारं खेळणं घेऊन यायचा आणि अख्ख्या सोसायटीतली पोरं त्या एका मुलाच्या मागे मागे फिरायची. ते बघून श्रीनिवास लवाटे नावाच्या एका खटपट्या माणसाच्या डोक्यात आलं, असलं खेळणं पुण्यात का होऊ नये? आणि व्हायचंच तर त्यानं चकचकीत परदेशी गाडी कशाला व्हायला हवं? आपल्या रस्त्यावर जे दिसतं ते होऊ दे की! म्हणून पालटू तीन प्रकारचा निघाला. सहा आसनी रिक्षा, पाण्याचा टँकर आणि रोडरोलर. पोटाखालची कळ दाबायची. खट्‌कन रिक्षाचं टप पाठीवर जायचं, चाकं पायात जायची, दोन हात बाहेर यायचे आणि गडी छाती काढून उभा. रोडरोलर तेवढा ढेरपोट्या दिसायचा, कारण ते मोठं चाक कुठे लपवायचं हे शेवटपर्यंत कुणाला सुचलं नाही. पोरांना मात्र तोच जास्त आवडायचा.

श्रीनिवास आणि सिराज शाळेपासूनचे दोस्त. श्रीनिवासनं चित्रं काढली, पुठ्ठ्याचे नमुने केले. सिराजभाईंनी डाय केले, आणि आतली स्प्रिंगही त्यांचीच. ते 'खट्' मनासारखं वाजावं म्हणून त्यांनी किती प्रकारच्या तारा वळून पाहिल्या, विचारू नका. शेवटी एक साधी पोलादी तार पसंत पडली. तेव्हा त्यांनी श्रीनिवासला विचारलं, "पाण्याशी संबंध येणार असेल तर आत्ताच सांग. मग स्टेनलेसची तार घेऊ. ही गंजते."

"खेळणं आहे सिराज," श्रीनिवास म्हणाला, "त्याला काय अभ्यंगस्नान घालायचंय?"

झालं. दोघं हसले आणि विषय मिटला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पालटू बऱ्यापैकी खपला. मग दिवाळी आली. दिवाळी म्हटली की पुण्यातली पोरं किल्ला करणार. दगडविटा रचायच्या, त्यावर पोतं टाकायचं, माती लिंपायची, मातीचे मावळे मांडायचे. श्रीनिवासला सुचलं, मावळ्यांच्या बरोबरीनं पालटूलाही उभं करू या. लगेच खोक्यावर छापलं, दुकानात फलक लावले, 'यंदा गडावर पहारा पालटूचा!' ऐकून सिराजभाईंनीही मांडीवर थाप मारली. कल्पना भारीच होती हो, नाही कशाला म्हणायचं? खोकी हातोहात गेली.

आता गंमत बघा. ही दोन्ही माणसं पुण्यात जन्मलेली, पुण्यात वाढलेली. लहानपणी दोघांनी मिळून श्रीनिवासच्या अंगणात किल्ले केलेले. गडावर हिरवळ दिसावी म्हणून किल्ल्यावर अळीव पेरतात आणि तो उगवावा म्हणून पोरं सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडतात, हे काय त्यांना कुणी परगावाहून येऊन सांगायला हवं होतं? पहाटे उठून अळिवाला कोंब फुटले का बघायला धावलेली ही माणसं! पण एकाच्याही टाळक्यात आलं नाही. पहारेकऱ्यावर रोज दोन वेळा पाणी पडलं. पाडवा येईतो गावभरचे पालटू अर्धे रिक्षा, अर्धे माणूस अशा अवस्थेत आखडून बसले. कळ दाबली की नुसतं कुरकुर करायचे.

दुकानदारांनी पोती भरून माल परत आणला. श्रीनिवासच्या दारात ही गर्दी. आणि त्या गर्दीसमोर त्यानं जे केलं ते सिराजभाईंच्या वर्मी लागलं. हात वर करून तो म्हणाला, "मी तरी काय करणार? शिकलगारनं स्प्रिंग हलक्या मालाची घातली." सिराजभाई तिथेच, चार पावलांवर उभे होते. श्रीनिवासनं त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग काय विचारता! पेठांमधून बातमी पसरायला असा कितीसा वेळ लागतो? पालटू तर बंद पडलाच, पण सिराजभाईंची कामंही आटली. आणि जी मिळाली ती टोमण्यासकट. "शिकलगार, छत्री दुरुस्तीला आणणार होतो. पण म्हटलं नको, तुमच्याकडे आणखी गंजायची." हे असं, भर चौकात, चहाचा कप हातात धरून, शांतपणे. शिकलगार म्हणजे पिढ्यानपिढ्या लोखंडाला धार लावणारं घराणं. त्या घरात गंज हा शब्द शिवीसारखा. वर्षभर ऐकून घेतलं आणि मग सिराजभाईंनी पेठेतली जागा सोडून धायरीला बिऱ्हाड हलवलं. श्रीनिवासशी बोलणं बंद. एका लग्नात तो समोरच्या पंगतीला येऊन बसला तर हे भरल्या ताटावरून उठून आले.

अमिनाबी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अधूनमधून म्हणायच्या, "सोडून द्या ना आता. किती वर्षं झाली!" घरात ती दोघं आपल्या दख्खनीत बोलतात, मी मराठीत सांगतोय, एवढंच.

"सोडतो की," सिराजभाई म्हणायचे. "त्यानं चार माणसांत एकदा म्हणावं, स्प्रिंग चांगली होती. बस. त्या क्षणी सोडतो."

अशी तीस वर्षं गेली. श्रीनिवास काही म्हणाला नाही आणि यांनी काही सोडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र योग आला. त्यांचा मुलगा राहिल खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथे अभिनव नावाच्या एका पोराच्या टेबलावर त्याला टँकरचा पालटू दिसला. राहिल म्हणाला, "हा माझ्या अब्बांनी बनवलाय." अभिनव खुर्चीतून उठलाच. "भाई, सीरियसली? मी दोन वर्षं याच्यावर रिसर्च करतोय!" हा अभिनव म्हणजे जुनी, बंद पडलेली खेळणी जमवणारा प्राणी. तसल्या मंडळींचा त्याचा एक ग्रुपही होता. सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पालटूचा कार्यक्रम ठरला होता आणि श्रीनिवास लवाटे स्टेजवर बोलणार होते. अभिनव दुसऱ्याच दिवशी धायरीला येऊन थडकला. "अंकल, तुम्ही पण यायलाच पाहिजे. प्लीज."

"येतो," सिराजभाई म्हणाले. इतक्या पटकन, की चहा ओतता ओतता अमिनाबींचा हात थांबला.

तो आठवडाभर लेथवर काम कमी आणि पुटपुटणं जास्त. पंक्चरवाल्याला वाटलं म्हातारा प्रार्थना करतोय. प्रार्थना कसली, भाषणाची तालीम चालली होती. 'मी पाण्याचं विचारलं होतं. यानं हसण्यावारी नेलं. किल्ल्याचं डोकं याचं होतं, आणि नाव माझं खराब केलं.' एवढंच बोलायचं. आवाज चढवायचा नाही.

"भांडायला चाललात ना?" रविवारी इस्त्रीचा सदरा हातात देताना अमिनाबींनी विचारलं.

"ऐकायला चाललोय. तो बोलला तर ठीक. नाही बोलला, तर मी बोलणार."

वाचनालयाच्या जिन्यापाशी पाटी होती: 'चपला ओळीत ठेवाव्यात. चोरीस गेल्यास वाचनालय दिलगिरीदेखील व्यक्त करणार नाही.' सिराजभाईंनी चपला ओळीत ठेवल्या आणि वर गेले. हॉल बऱ्यापैकी भरलेला. सगळी चाळिशीची मंडळी. कुणाचे केस गेलेले, कुणाचं पोट पुढे आलेलं. समोर टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यावर पालटू मांडलेले. कुणी अर्ध्यात अडकलेला, कुणी एका हाताचा, एकजण अजून खोक्यात. आपण कापलेल्या पोलादातून निघालेली ती लेकरं इतक्या वर्षांनी अशी ओळीनं बघून सिराजभाई टेबलापाशी जरा रेंगाळले. त्यांनी मुद्दाम मागची खुर्ची घेतली.

श्रीनिवास स्टेजवर बसला होता. बारीक झाला होता बिचारा. कानात यंत्र, हातात काठी. सिराजभाईंवर त्याची नजर पडली, क्षणभर थांबली आणि मग तो कानातलं यंत्र नीट करायला लागला. पुढचा बराच वेळ त्याचं ते काम चालू होतं.

बोलला मात्र छान. पुठ्ठ्याचे नमुने, रोडरोलरचं पोट, पहिला पालटू उभा राहिला तेव्हाची धावपळ. लोक खुशीत ऐकत होते. सिराजभाई एकेका वाक्यामागे वाट बघत होते, आता येईल, आता येईल. आणि मग श्रीनिवास म्हणाला, "पुढे दिवाळीत काही तांत्रिक अडचणी आल्या आणि आम्हाला थांबावं लागलं."

तांत्रिक अडचणी! सिराजभाई खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी हात वर केला.

"अंकल, एकच मिनिट," अभिनव म्हणाला, "आधी इथून घेतो." आणि माइक पुढच्या रांगेतल्या एका बाईंकडे गेला.

त्यांचं नाव उत्कर्षा. हसत हसतच उभ्या राहिल्या. "अडचण वगैरे काही नव्हती हो, माझा टँकर मीच बिघडवला. अळिवाला पाणी घालायचे ना, त्याच्याही डोक्यावर ओतायचे. बाबांनी विचारलं तेव्हा मी बेधडक सांगितलं, दादानं पाडला. दादाला काय धुतलाय बाबांनी! त्याला अजून खरं माहीत नाही." हॉल हसला. मागून रोहन नावाचा एक टकलू गृहस्थ ओरडला, "मी तर किल्ल्यातच पुरला! घरी सांगितलं, चोरीला गेला." पुन्हा हशा. मग काय, जो तो उठायला लागला. मी बिघडवला, मी पाणी घातलं, मी जोरात कळ दाबली. श्रीनिवासही हसत होता, आणि सिराजभाईंचा वर केलेला हात तसाच अवघडून राहिला होता.

मग माइक एका दणकट, मिशाळ माणसाकडे गेला. त्याला बोलायची सवय नसावी. "मी उत्तरेश्वर. वारज्याला असतो. आम्ही लातूरकडचे, वडील कारखान्यात लागले म्हणून इकडं आलो. मी तेव्हा आठ वर्षांचा. आमच्याकडं किल्ला करत नाहीत. सोसायटीतली पोरं मला खेळायला घेत नव्हती, पण वडिलांनी पालटू आणला म्हणून घेतलं. किल्ल्यावर त्याला मीच ठेवला. दोन-तीन दिवसांत तो आखडला. पोरं म्हणाली, तुला नीट ठेवता येत नाही, तू गावंढळ आहेस, तूच मोडलास. मला बी तसंच वाटलं." त्यानं माइक दुसऱ्या हातात घेतला. "पुन्हा कुणाच्या किल्ल्यावर गेलो नाही. आता माझा मुलगा काही नवीन घेऊन आला की माझ्या तोंडातनं पहिलं तेच निघतं, हात लावू नको, मोडशील. बायको म्हणते असं का बोलता? मी काय सांगू? आज हे सगळं मांडलेलं बघून आठवलं."

या वेळी कुणी हसलं नाही.

सिराजभाईंनी हात खाली घेतला. तीस वर्षं त्यांना वाटत होतं, सगळं पुणं शिकलगारच्या स्प्रिंगला नावं ठेवतंय. आणि इथे तर कुणाला शिकलगार माहीतच नव्हता. पेठेतले दुकानदार आणि चौकातले चार टोमणेवाले सोडले तर त्याला कुणी बोल लावलेलाच नव्हता. तो सगळा बोल पोरांनी आपापल्या डोक्यावर घेतला होता. कुणी खोटं बोलून निभावलं, कुणी मातीत पुरलं, आणि या एकानं तो आजपर्यंत उराशी धरून ठेवला. त्यांनी स्टेजकडे बघितलं. बोल रे श्रीनू, आता तरी बोल, माझ्यासाठी नको, याच्यासाठी बोल. श्रीनिवास मान खाली घालून काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होता.

"अंकल, आता तुम्ही," अभिनवनं माइक आणून दिला. "मंडळी, हे सिराज शिकलगार. पालटूचे डाय यांनी केले."

सगळा हॉल वळला. आठवडाभर घोटलेली वाक्यं अगदी ओठांवर होती. मी पाण्याचं विचारलं होतं. यानं हसण्यावारी नेलं. सिराजभाईंनी उत्तरेश्वरकडे बघितलं. तो मिशाळ माणूस खुर्चीत अंग चोरून बसला होता.

"आतली स्प्रिंग मी बनवली होती," ते म्हणाले. "तुमच्यातल्या कुणीही काही मोडलेलं नाही. किल्ल्यावर ठेवा म्हणून आम्हीच सांगितलं. किल्ल्याला पाणी घालायचंच असतं. तुम्ही घातलंत, बरोबर केलंत. तार गंजणारी होती. ती मी घातली. चूक माझी आहे."

मग माइक खाली करून, नुसत्याच आवाजात म्हणाले, "तू नीट ठेवला होतास, बाळा. एकदम नीट ठेवला होतास."

उत्तरेश्वरनं मान हलवली. मग हात जोडले. उत्कर्षाबाई पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या. पुढे टाळ्या झाल्या, फोटो झाले, अभिनवनं कुणाकुणाला गोळा करून आणलं, पण सिराजभाईंचं कशातच लक्ष नव्हतं.

खाली चपलांच्या ओळीपाशी श्रीनिवास थांबला होता. एकटाच.

"मला वाटलं, आज तू माझी अब्रू काढणार," तो म्हणाला.

"त्यासाठीच आलो होतो."

"मग?"

"मग काय? आपण दोघं म्हातारे त्या पोरांसमोर भांडलो असतो, तर त्या लातूरवाल्याला काय मिळालं असतं?"

श्रीनिवास जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. "तू पाण्याचं विचारलं होतंस," तो हळूच म्हणाला. "मला सगळं आठवतंय सिराज. अगदी शब्द न् शब्द."

"आठवतंय ना? मग वर बोलायचं होतंस."

श्रीनिवास वाकून बुटाची नाडी बांधायला लागला आणि गरजेपेक्षा बराच वेळ बांधत राहिला. सिराजभाईंनी चपला पायात सरकवल्या. "येतो," म्हणाले. इतक्या वर्षांत त्याला उद्देशून निघालेला हा पहिला साधा शब्द. राहिल गाडी घेऊन बाहेर उभाच होता.

घरी पोचले तर अमिनाबी दारातच. "बोलला?"

"चार माणसांत नाही. खाली चपलांपाशी बोलला."

"आणि तुम्ही?"

त्यांनी सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. अमिनाबींनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! तीस वर्षं माझे कान किटवलेत. स्प्रिंग चांगली होती, स्प्रिंग चांगली होती! आणि तिथे भरल्या सभेत जाऊन स्वतःच्या तोंडानं कबूल करून आलात? आता त्याचं नाव कायमचं साफ आणि तुमचं कायमचं खराब. कळतंय का काही?"

"कळतंय."

"मग?"

सिराजभाई खुर्चीत बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला. "अमिना, मला वाटायचं माझ्या एकट्याचंच नाव गेलं. मी मोठा माणूस होतो, माझ्या हाताला काम होतं, तू होतीस. तो आठ वर्षांचा होता गं. परक्या गावातला. त्याला कोण सांगणार होतं?" आणि एवढं बोलून ते रडले. राहिल पाण्याचा ग्लास घेऊन तसाच उभा राहिला, त्यानं बापाला असं कधी पाहिलं नव्हतं.

अमिनाबी स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला. आतूनच त्यांनी विचारलं, "त्या पोराचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

"पोर कसलं? मिशा आहेत त्याला. मुलगा आहे त्याला शाळेत जाणारा."

"मग त्या मुलाला घेऊन येऊ दे शुक्रवारी जेवायला," अमिनाबी म्हणाल्या. "आणि सांगा, म्हणावं आमच्या घरात हवं तिथे हात लावू दे त्याला."